मॉनिटरवर चिकटवलेला कागद

"लाईट गेलती," यमुनाक्का म्हणाली. "गेली आणि लगेच आली."

मी दारातच थबकले. कॉम्प्युटरचा पंखा फिरत होता, डब्यावरचा हिरवा दिवा लागलेला होता आणि पडदा काळा होता. धावत जाऊन मी कीबोर्डावरची दोन-चार बटणं बडवली. काही नाही. डबा बंद करून परत चालू केला. पंखा घुमला, फ्लॉपीचा दिवा लुकलुकला, पडदा तसाच.

"किती वेळ गेलती?"

"किती म्हणजे? डोळ्याचं पातं लवतं तेवढा वेळ," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

यमुनाक्का लेंगरे जन्मापासून आंधळी. असले विनोद ती दिवसातून चार तरी करायची, आणि समोरचा माणूस कानकोंडा झाला की तिला बरं वाटायचं. मी एव्हाना सरावले होते, पण त्या दुपारी मला हसू येणं शक्यच नव्हतं. तिच्या पलीकडे बाकावर सिकंदरचाचा जेवणाचा डबा उघडून बसले होते. भाकरीचा तुकडा हातात होता, तो तोंडाकडे जात नव्हता. मी ते पाहिलं, पण त्याचा काही अर्थ लावला नाही.

ही दोन हजार एक सालची गोष्ट, ऑक्टोबर महिना. मिरजेत अंध मुलांची एक शाळा होती आणि तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचा ब्रेल छापखाना. माणसं तीनच. सिकंदर मुल्ला छपाईचं यंत्र चालवायचे. लहानपणी देवी आल्या त्यात त्यांची नजर गेली होती. यमुनाक्का छापून आलेलं पान न् पान बोटांनी तपासायची. आणि मी, त्रिशला मगदूम, वय तेवीस, सांगलीत हार्डवेअरचा कोर्स पहिल्या वर्गात पास झालेली. मजकूर टाइप करायचा आणि यंत्राकडे पाठवायचा, हे माझं काम. तिघांत डोळस मी एकटी. त्याचा मला माज होता, आता कबूल करायला हरकत नाही.

त्या शेडमध्ये एक रीत होती. जे करायचं ते बोलून करायचं. "स्टूल सरकवलं, खिडकीपाशी आहे." "गरम चहा ठेवला, डाव्या हाताला." "मी बाहेर चाललो." दिवसभर हे असं चालायचं. मला ते बालवाडीसारखं वाटायचं. मी आपली गुपचूप काम करायची. एकदा मी हलवलेल्या स्टुलावर चाचांची नडगी सणकून आपटली, तेव्हा मी 'सॉरी' म्हणाले, पण बोलायची सवय काही लावून घेतली नाही.

आता कॉम्प्युटरचं सांगते. त्याची हार्डडिस्क महिनाभर कुरकुरत होती, म्हणून एका देणगीदारानं नवी, मोठी डिस्क दिली होती. कॉम्प्युटरच्या आतल्या जुन्या मुख्य बोर्डाला ती मोठी डिस्क ओळखता येईना. प्रत्येक बोर्डावर एक छोटी चिप असते. वीज आली की आधी कोणाला उठवायचं, पडद्याला काय सांगायचं, डिस्क कुठं शोधायची, हे सगळं तिच्यात लिहिलेलं असतं. तिच्यातला मजकूर नवा घातला की डिस्क ओळखली जाणार होती. फक्त हे लिहिताना जुना मजकूर आधी पुसला जातो. पुसून झाल्यावर आणि नवा पुरता उतरण्याआधी वीज गेली, तर कॉम्प्युटरला उठायचं कसं तेच आठवत नाही.

नेमकं तेच झालं होतं. मी लिहायचा हुकूम दिला आणि तेवढ्यात ऑफिसच्या शिपायानं दारातून हाक मारली, घरून फोन आहे म्हणून. मी काळजी घेतली नव्हती असं नाही. छपाईच्या जाड कागदावर मार्करनं सूचना लिहिली, ती मॉनिटरवर चिकटवली आणि मगच पळाले. फोनवर आईनं इचलकरंजीच्या एका स्थळाची कुंडली सांगायला सुरुवात केली. मी 'हं, हं' करत होते तोवर शाळेची एकची घंटा झाली. परत आले तर हे असं.

"यमुनाक्का, मेला गं बोर्ड," मी म्हणाले आणि खुर्चीत बसले.

"दुसरा आण की मग."

"मिळत नाही. आपलं यंत्र ज्या कार्डानं जोडलंय ते जुन्या पद्धतीचं आहे. तसली खाच आता नव्या बोर्डांना येतच नाही. सांगलीतल्या दुकानदारानं मागच्याच महिन्यात सांगितलंय."

हे ऐकल्यावर मात्र तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. बोर्ड नाही म्हणजे यंत्र नाही. सोमवारपासून शाळेची सहामाही परीक्षा होती. बेचाळीस मुलांच्या प्रश्नपत्रिका छापायच्या होत्या आणि एकही छापून झाली नव्हती. त्या पाटी-टोचणीनं एकेक ठिपका टोचत हातानं काढायच्या म्हटलं तर चार दिवसांत चौथीच्याही झाल्या नसत्या.

"अण्णा कधी यायचेत?" सिकंदरचाचांनी विचारलं. इतका वेळ गप्प बसलेला माणूस एकदम बोलला.

"कोल्हापूरला गेलेत. पाचपर्यंत येतील."

चाचांनी भाकरी डब्यात परत ठेवली.

उपाध्ये अण्णा म्हणजे ट्रस्टचे सेक्रेटरी. माणूस वाईट नव्हता, पण विजेच्या यंत्रावर अंध माणूस म्हटलं की त्यांना धास्ती वाटायची. आणि त्यात तेल ओतलं होतं ते मी. ऑगस्टमध्ये एकदा कॉम्प्युटर शनिवार-रविवार दोन्ही दिवस चालू राहिला. मी तडक अण्णांकडे गेले आणि म्हणाले, यांना पडदा दिसत नाही, चालू आहे का बंद ते कळत नाही, मी तरी कुठं कुठं बघू? अण्णा म्हणाले, "आणखी एकदा असं काही झालं की यंत्रावर डोळस माणूस ठेवायचा. सिकंदरला शाळेत घंटा द्यायला बसवू." मी मान डोलावून परत आले. शेडमध्ये सिकंदरचाचा नुसतं एवढंच म्हणाले होते, "पंखा ऐकू येत हुता गं. पर तूच म्हनालीस, डब्याला हात लावायचा न्हाई." मग मी एक नियम करून दिला आणि दोघांकडून वदवून घेतला: एकची आणि पाचची घंटा झाली, पंख्याचा आवाज येतोय पण छपाई चालू नाही, तर मेन स्विच खाली. विचारायचं नाही, खाली.

नियम करून मी तो विसरूनही गेले होते. पुढारी नियम करतात तसाच.

ऑफिसातून मी सांगलीला आवटी सरांना फोन लावला. त्यांनीच मला हार्डवेअर शिकवलं होतं.

"रडू नकोस आधी," सर म्हणाले. मी रडत नव्हते, पण त्यांना तसं वाटलं. "चालू केल्यावर फ्लॉपीचा दिवा लागतो का?"

"एकदा लागतो, सर. मग विझतो."

"मग जीव आहे अजून. चिपमधला सुरुवातीचा एक छोटा तुकडा पुसला जात नाही. त्याला एकच काम येतं, फ्लॉपी वाचायचं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी बनव. त्यात लिहिणारा प्रोग्राम घाल, चिपचा मजकूर घाल, आणि वीज आल्यावर आपोआप काम सुरू होईल अशी आज्ञा लिहून ठेव. फ्लॉपी घालायची, चालू करायचं आणि बसायचं."

"पडद्यावर काय दिसेल?"

"काही म्हणजे काही दिसणार नाही. त्या तुकड्याला पडदा चालवता येत नाही. सगळं आंधळ्यासारखं करायचं. आणि हे बघ, फ्लॉपीचा आवाज पूर्ण थांबला की तिथून पाच मिनिटं कशालाही हात लावायचा नाही. तेव्हाच ते लिहीत असतं. पाच मिनिटांनी फ्लॉपी काढ, वीज बंद, वीज चालू. कळलं?"

"कळलं."

"आणि परत लाईट घालवू नकोस," सर म्हणाले, जणू ती मीच घालवली होती.

ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फ्लॉपी बनवून मी शेडमध्ये आले तेव्हा अडीच वाजले होते. दोघं जेवून आपापल्या जागी बसले होते, पण काम कोणीच करत नव्हतं. यंत्र बंद असलं की त्या शेडमध्ये पत्र्यावर चालणाऱ्या कावळ्याचीसुद्धा पावलं ऐकू यायची.

मी फ्लॉपी घातली आणि चालू केलं. दिवा लागला, लागून राहिला, मला हायसं वाटलं. मग विझला. पाच मिनिटं घड्याळ लावून बसले. बंद केलं, चालू केलं. काळा पडदा. फ्लॉपी परत बनवायला ऑफिसात गेले, परत आले, परत तेच. तिसऱ्या वेळी मी टेबलावर मूठ आपटली.

"दिवा तर लागतो! वाचते तर आहे मेली! मग काय होतंय?"

"वाचत नाहीय," यमुनाक्का तिच्या टेबलाकडून म्हणाली.

"तुला काय माहीत?"

विचारलं आणि जीभ चावली. तिला मात्र त्याचं काही वाटलं नाही. ती उठली, टेबलाच्या कडेला हात लावत आली आणि माझ्या शेजारच्या स्टुलावर बसली.

"परत लाव बघू. आणि तू बोलू नकोस."

मी परत लावली. फ्लॉपीच्या खणातून नेहमीची घरघर आली. मला ती नेहमीचीच वाटली. यमुनाक्कानं मान एका बाजूला कलती केली, चुकलेल्या ओळीवर बोट थांबलं की करायची तशी.

"ऐक. आता निघाली. टक, टक, टक... पुढं चाललीय. आता अडली. बघ, परत मागं आली, एकदम सुरुवातीला. परत निघाली. आणि परत तिथंच अडली. तीनदा झालं. आता दमली, सोडून दिलं." दिवा विझला. "एकच्या आधी तू कामाला लावलीस तेव्हा अशी नव्हती वाजत. तेव्हा कशी एका दमात सरळ जायची, अडखळत नव्हती."

मी तिच्या तोंडाकडे बघत राहिले. तिन्ही वेळा मी नुसता दिवा बघितला होता. दिवा लागला म्हणजे वाचतेय, एवढंच माझं ज्ञान.

"म्हणजे फ्लॉपी खराब आहे," मी म्हणाले. "एका जागी खराब आहे, आणि दर वेळी मी तीच वापरतेय."

"ते तुझं तू बघ. मी आवाज सांगितला."

"त्या डबीतल्या फ्लॉप्या पावसाळ्यात भिजल्यात," सिकंदरचाचा म्हणाले. "पत्रा गळतुया तिथं. वास मार्तीया बघ डबी. लोखंडी कपाटातल्या घे."

कपाटात सहा फ्लॉप्या निघाल्या. चारवर माझा जुना मजकूर होता, दोन कोऱ्या. मी दोन्ही घेऊन ऑफिसात गेले. जाताना दारात थांबले आणि जन्मात पहिल्यांदा त्या शेडच्या रीतीनं बोलले, "मी ऑफिसात चाललेय. दहा मिनिटांत येते. डब्यात आत्ता फ्लॉपी नाहीये."

"बरं," दोघंही एकदमच म्हणाले. आतून यमुनाक्का काहीतरी पुटपुटल्याचं आणि चाचा हसल्याचं ऐकू आलं.

साडेचार वाजत आले होते. परत आल्यावर मी फ्लॉपी घातली आणि हात पुसले. सिकंदरचाचा उठले, भिंतीशी गेले आणि मेन स्विचच्या पेटीला पाठ लावून उभे राहिले.

"काय करताय, चाचा?"

"हितं हुबा राहातो. आता कुनी बंद करनार न्हाई. शाळेतलं पोरगं आलं, वारं आलं, कुनी आलं तरी न्हाई."

मी चालू केलं. पंखा घुमला. यमुनाक्कानं डब्यावर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. ती डोळे कशाला मिटते असं मी एकदा तिला विचारलं होतं. "तुम्ही विचार करताना मिटता, मग आम्ही का नाही?" असं उत्तर मिळालं होतं.

"निघाली," ती म्हणाली. "टक, टक... पुढं. अडायची जागा आली... गेली! पुढं गेली. चाललीय, चाललीय. मोठी फाईल असणार ही. अजून चाललीय. आता जरा थांबली. परत थोडं. आणि... थांबली."

दिवा विझला. मी घड्याळ बघितलं. चार वाजून चौतीस मिनिटं.

"आता पाच मिनिटं," मी म्हणाले. "आत्ता ते लिहितंय. किंवा लिहीत नाहीय. काही कळायचं नाही."

त्या पाच मिनिटांत मला काय वाटत होतं ते सांगता येणार नाही, पण हात शिवशिवत होते हे खरं. एक कळ दाबून बघावी, मॉनिटरची वायर हलवून बघावी असं सारखं वाटत होतं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले. एक मिनिट गेलं.

"परत लाईट गेली तर सगळं बोंबलणार," मी म्हणाले. "एका दिवसात दोनदा जायला नको."

"जात न्हाई," सिकंदरचाचा म्हणाले. "आज सकाळधरनं एकदाबी गेलेली न्हाई."

यमुनाक्कानं तळवा डब्यावरून उचलला नाही, पण तिचे ओठ घट्ट मिटले गेले.

"एकदाही नाही?" मी विचारलं.

"चाचा," यमुनाक्का म्हणाली.

"असू दे, यमुना. किती वेळ झाकनार?" चाचांचा आवाज अगदी साधा होता. "पोरी, मी बंद केलं. एकची घंटा झाली. पंखा वाजत हुता, छपाई न्हाई. तू सांगितलंयस तसं मेन खाली केला. यमुना वराडली, आरं ती पोरगी कायतरी करत हुती, फ्लॉपी वाजत हुती मगाशी. तवा लगीच वर केला. पर तवर झालंच हुतं."

माझा राग डोक्यात गेला. माझा स्वभावच तसा, आजही आहे.

"पण चाचा, मी कागद लावला होता ना! मॉनिटरवर, एवढा मोठा!"

मी मॉनिटरकडे बोट केलं तर कागद तिथं नव्हताच; दुपारपासून घाबरण्यात ते माझ्या ध्यानातही आलं नव्हतं. यमुनाक्कानं दुसऱ्या हातानं तिच्या पिशवीत चाचपलं आणि चार घड्या घातलेला कागद काढून माझ्यासमोर धरला.

"हाच का?"

"हाच."

"चाचांनी मेन खाली करायच्या आधी मॉनिटरवर हात फिरवला. रोज फिरवतात, धूळ पुसतात. कागद हाताला लागला. पुढून बोट फिरवलं, मागून फिरवलं, चारी कडा बघितल्या. मला म्हणाले, यमुना, कोरा कागद चिकटवलाय बघ पोरीनं, चांगला छपाईचा कागद, वाया जायला नको. म्हणून घडी घालून माझ्याकडं दिला." तिनं कागद माझ्या हातात दिला. "काय लिहिलंय गं त्यावर?"

मी कागद उलगडला. माझंच अक्षर. जाड, काळं, ठळक, दहा फुटांवरून वाचता येईल असं.

"वाच की," यमुनाक्का म्हणाली. "आम्हाला पण कळू दे."

"काम चालू आहे," मी वाचलं. "कृपया बंद करू नये."

"बरोबर लिहिलंयस," सिकंदरचाचा म्हणाले. "कृपया पन लिहिलंयस."

ते टोमणा मारत नव्हते, हेच मला सोसेना. ब्रेल छापखान्यात, जिथं रोज हजारो ठिपके माझ्याच हाताखालून जात होते, तिथं दोन अंध माणसांसाठी मी शाईनं सूचना लिहून गेले होते. आणि पाच पावलांवर दोघं बसलेले असताना तोंडानं एक वाक्य बोलले नव्हते. मला ठिपके वाचता येत नव्हते. शिकवते म्हणून यमुनाक्का दोनदा म्हणाली होती, तर मी म्हणाले होते, मला काय गरज, मला दिसतं.

"मग लाईट गेली असं का सांगितलंत मला?"

"अण्णांना सांगायला तू पळतेस," यमुनाक्का म्हणाली. "मागं पळालीस तशी. तीस वर्षं यंत्रावर घालवलेला माणूस घंटेला बसवतील, आणि ती पण पोरं वाजवू देणार नाहीत. म्हणून सांगितलं."

मला रडू आलं. आवटी सरांना उगाच आधी वाटलं होतं ते आता खरं झालं. मी आवाज न करता रडत होते, पण त्या दोघांच्या कानांपुढे आवाज न करणं म्हणजे काय!

"नाक पूस," यमुनाक्का म्हणाली. "आणि घड्याळ बघ. पाच मिनिटं कधीच झाली असतील."

चार वाजून एकेचाळीस मिनिटं. मी फ्लॉपी काढली.

"फ्लॉपी काढली," मी म्हणाले. "चाचा, आता मेन बंद करा."

सिकंदरचाचा वळले. स्विचवर हात ठेवला, पण खाली केला नाही.

"नक्की?"

"नक्की. मी सांगतेय. बंद करा."

खट्‍. पंखा हळूहळू थांबला. मी मनात दहा आकडे मोजले, मग कळलं की आपण मनात मोजतोय, आणि मोठ्यानं म्हणाले, "आठ... नऊ... दहा. चालू करा."

खट्‍. पंखा घुमला. काही नाही, काही नाही, आणि मग डब्याच्या पोटातून एकच, छोटा, स्वच्छ 'टूक' आला.

"हा!" यमुनाक्का ओरडली. पडद्यावर अक्षरं यायच्या आधी ती ओरडली. "हाच तो सकाळचा! रोज सकाळी हाच वाजतो!"

मग अक्षरं आली. जुनी डिस्क ओळखली, नवी डिस्क ओळखली, तिचा आकडासुद्धा बरोबर. मी एकेक ओळ मोठ्यानं वाचून दाखवली. त्यातलं दोघांना काही कळत नव्हतं, पण सिकंदरचाचा प्रत्येक ओळीला "वा" म्हणत होते.

पाचची घंटा झाली तेव्हा यंत्राची खडखड सुरू होती. पाचवीच्या भूगोलाचं पहिलं पान बाहेर येत होतं आणि यमुनाक्काचं बोट त्यावर धावत होतं. त्या आवाजातच अण्णा दारात उभे राहिले. शिपायानं सगळं सांगितलेलं दिसत होतं.

"काय झालं होतं म्हणे? लाईट गेली होती?"

मी उठले. यमुनाक्काचं बोट पानावर थांबलं.

"लाईट नव्हती गेली, अण्णा. माझी चूक झाली. नाजूक काम अर्धं टाकून मी फोनवर गेले. यांना सांगितलं नाही."

"पण बंद कुणी केलं?"

"नियमानं झालं. नियम माझा होता. चाचांनी नियम पाळला, मी पाळला नाही." आणि मग मी तो कागद अण्णांपुढे धरला. "आणि ही सूचना लावून गेले होते मी."

अण्णांनी चष्मा वर सरकवला आणि वाचलं. एकदा कागदाकडे, एकदा यमुनाक्काकडे, एकदा सिकंदरचाचांकडे पाहिलं. त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. ते दाबत ते गंभीरपणे म्हणाले, "म्हणूनच मी म्हणत असतो, इथं एक तरी डोळस माणूस..."

"होता की अण्णा," मी म्हणाले. "मीच होते."

अण्णा हसले. त्यांच्यामागून चाचा हसले, मग यमुनाक्का, आणि शेवटी मीही. डोळस माणसाचा विषय त्यानंतर त्या छापखान्यात पुन्हा कधी निघाला नाही. शनिवारी दुपारी प्रश्नपत्रिकांचा शेवटचा गठ्ठा शाळेत गेला. चाचांनी तो स्वतः उचलून नेला, वाटेत प्रत्येकाला "गठ्ठा चाललाय, बाजूला" असं सांगत.

सोमवारी सकाळी येऊन बघते तर माझा तोच कागद मॉनिटरच्या बाजूला सुतळीनं टांगलेला. माझ्या काळ्या अक्षरांवर ठिपके उमटलेले होते. यमुनाक्कानं पाटी-टोचणी घेऊन टोचले होते. "आता दोन्ही लिप्यांत झालं," एवढंच ती म्हणाली. मला वाटलं, माझंच वाक्य तिनं ठिपक्यांत उतरवलंय.

त्याच आठवड्यात मी तिच्याकडे शिकायला बसले. बोटं माझी फार ठोंबी. दिवाळी गेली, संक्रांत गेली, तरी मी पहिलीच्या पोरांच्या मागे होते. बघून नाही वाचायचं, बोटांनीच वाचायचं, अशी तिची अट होती. फेब्रुवारीत एकदा दुपारच्या सुट्टीत मी सहज तो टांगलेला कागद हातात घेतला, डोळे मिटले आणि पहिल्या ठिपक्यावर बोट ठेवलं. एकेक अक्षर लावत पुढं सरकले. पहिलंच अक्षर 'क' नव्हतं.

मी शेवटपर्यंत गेले. मग परत सुरुवातीला येऊन पुन्हा एकदा गेले.

"काय गं," यमुनाक्का तिच्या टेबलावरून म्हणाली. कागदावरून फिरणारं बोट तिला ऐकू आलं असणार. "वाचलंस का?"

"वाचलं."

"मग बोल की. इथं जे करायचं ते बोलून करायचं."

"त्रिशला काम करते आहे," मी मोठ्यानं वाचलं. "आधी तिला हाक मारा."

"त्रिशलाऽ," यंत्रापासून सिकंदरचाचांनी हाक मारली.

"ओ," मी म्हणाले.